दोन कळांमधली उसंत

पोटावर हात कसा ठेवायचा हे मला शिकवायला डॉक्टरीणबाईंना चार महिने लागले. त्यात शिकवण्यासारखं काय आहे, असं मलाही सुरुवातीला वाटलं होतं. पण माझा हात पडायचा तो कणकेच्या गोळ्यावर पडावा तसा. बाई म्हणायच्या, "अगो, तू पोट मळायला आलीयस की काय?" मग माझं मनगट धरून त्या हात उचलत आणि पुन्हा ठेवत. बोटं जराशी पसरलेली, तळवा नुसता टेकलेला, कोपर सैल. "दाबायचं नाही. तो स्नायू आपण होऊन तुझ्या हाताखाली येतो. तू फक्त तिथं असायचं."

आणि तो येई. बाळंत होणाऱ्या बाईच्या तोंडावर काही दिसायच्या आधीच बेंबीच्या वर, हाताखाली, काहीतरी गोळा होऊ लागे. मऊ पोट हळूहळू पाडाच्या आंब्याइतकं घट्ट होई, मग कैरीइतकं, मग सोललेल्या नारळाइतकं. तेवढ्यात ती बाई कण्हायला लागे. मग सगळं उलट क्रमानं सुटत जाई. मी घड्याळाकडं बघून पाटीवर लिहायची: कळ पाऊण मिनिट, उसंत चार मिनिटं. पुन्हा कळ, पुन्हा उसंत. बाईंचं म्हणणं असं, की कळ सगळेच मोजतात, शेजारणीसुद्धा मोजतात. उसंत मोजायला माणूस ठेवावं लागतं. "कळ आली की मुलाकडं जाणारं रक्त अडतं. उसंतीत ते पुन्हा वाहतं. उसंत गेली तर मूल आतल्या आत गुदमरतं, मग कळा कितीही झोकात येईनात का."

हे सगळं तिसाव्या सालाच्या आसपासचं.

मी मूळची बार्शीकडची. मराठी पाचवीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली. पुढं काही वर्षं काकांच्या घरी काढली. तिथं मला कुणी वाईट वागवलं नाही, पण माझ्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं. डॉक्टरीणबाई माझ्या आईच्या लांबच्या मावसबहीण. मुंबईला शिकून त्या आपल्या गावी, रत्नागिरीला, परत आल्या होत्या आणि राहत्या घराच्या पडवीत तीन खाटांची बाळंतिणीची खोली चालवत होत्या. त्यांचं पत्र आलं, की हाताशी एक मुलगी हवी. लिहितावाचता येणारी आणि रक्त बघून घेरी न येणारी. पहिली अट मी पुरी करत होते. दुसरीची परीक्षा तोवर कुणी घेतली नव्हती. मी सतरा वर्षांची होते. बार्शीहून मिरज, मिरजेहून कोल्हापूर, आणि तिथून सर्व्हिस मोटारीनं आंबा घाट उतरून मी रत्नागिरीला आले. घाटात तीनदा ओकले. बाईंनी पाहिल्या पाहिल्या विचारलं, "रक्ताचं नंतर बघू. आधी भात खाशील का?"

भात खाल्ला. तो पुढं रोजच खायचा होता. आमच्याकडच्या ज्वारीच्या भाकरीची मला इतकी आठवण यायची, की पहिले काही दिवस मी स्वप्नात थापायची. इथल्या बायका माझ्या बोलण्याला हसत. मी 'गेलते, आलते' म्हणाले की बाईंकडं काम करणारी मोलकरीण पदर तोंडाला लावायची आणि म्हणायची, "घाटावरून काय बोली आणलीन हिनं." मी मात्र मनातून फार उपकृत होते. मला एक खोली होती, एक कंदील होता, आणि सकाळी उठल्यावर करायला असं काम होतं जे मी केलं नाही तर खरोखर राहून गेलं असतं.

उपकृत माणसाला भीती जास्त वाटते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी कडी तीनदा तपासायची. कापसाचे बोळे मोजून ठेवायची आणि पुन्हा मोजायची. बाईंनी एकदा सांगितलं, की बाहेरून खोलीत येणारी प्रत्येक वस्तू जंतू मारणाऱ्या कार्बोलिकच्या पाण्यातून काढायची. त्या दिवसापासून मी दाराची कडीसुद्धा त्या पाण्यानं पुसू लागले. बाई हसल्या, पण नको म्हणाल्या नाहीत. तो माझा हुरूप पुढं एका बाईच्या जिवावर बेतणार होता.

ते सांगण्याआधी त्या औषधाचं सांगायला हवं.

बैलाच्या डोक्यात, मेंदूच्या बुडाशी, वाटाण्याएवढी एक गाठ असते. तिच्या मागल्या अर्ध्याचा अर्क काढून काचेच्या छोट्या कुप्यांत भरतात, कुपीचं तोंड वितळवून बंद करतात आणि त्या विलायतेहून येतात. तो अर्क सुईनं टोचला की गर्भाशयाचा स्नायू आवळायला लागतो. पाच मिनिटांत, कधी त्याच्याही आत. बाईंनी मुंबईला कॉलेजात याचा प्रयोग पाहिला होता. एका गिनीपिगच्या गर्भाशयाची पट्टी काढून कोमट मिठाच्या पाण्यात टांगलेली. तिला दोरा, दोऱ्याला एक हलकी काडी, आणि काडीचं टोक काजळी धरलेल्या कागदावर टेकलेलं. कागद गोल फिरतोय. पट्टी आपली आपण आवळते आणि सुटते, तशी काडी काळ्यावर पांढऱ्या लहान लहान लाटा काढते. पाण्यात अर्काचा एक थेंब टाकला, की लाटा उंच आणि जवळजवळ. आणखी दोन थेंब टाकले, की रेघ वर जाते आणि वरच राहते.

हे त्यांनी मला स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशानं काढून दाखवलं. शेवटची रेघ वर नेऊन तशीच आडवी ओढली. मी म्हटलं, "घाटाच्या माथ्यावर मोटार बंद पडल्यासारखी."

"तशीच. आणि आतली माणसं गुदमरलेली." मग कोळसा खाली ठेवून म्हणाल्या, "बायकांचा स्नायूही असाच आहे. फक्त तिथं काजळीचा कागद लावता येत नाही. म्हणून तुझा हात."

त्यांचे या औषधाचे नियम कडक होते. पहिलटकरणीला द्यायचं नाही. वाट पुरती उघडल्याशिवाय द्यायचं नाही. मूल आडवं असेल तर कुपीला हातसुद्धा लावायचा नाही. मूल अगदी खाली आलंय, आईनं आधी दोनतीनदा बाळंतपण काढलंय, आणि दमून कळा मंदावल्यात, अशा वेळी अर्धी कुपी. बस. दुसरं एक औषध बाटलीत असे, राय नावाच्या विलायती धान्यावरच्या बुरशीचा अर्क. ते मूल आणि वार दोन्ही बाहेर आल्यावर, रक्त थांबवायला. "यांची उलटापालट झाली," बाई म्हणायच्या, "तर बाळंतपण राहील बाजूला. ती बाई फाटेल आतून."

आता रत्नागिरीचं असं, की ज्येष्ठ लागायच्या सुमारास मुंबईच्या बोटी बंद होतात आणि समुद्र निवळेपर्यंत सुरू होत नाहीत. जे काही मुंबईहून यायचं ते वैशाखात येऊन पडायला हवं. गहू, रॉकेल, कापड, तशा या कुप्याही. आम्ही त्या पत्र्याच्या डब्यात कापूस घालून ठेवत असू आणि तो डबा ओल्या वाळूच्या माठात. तरी वैशाखातला उकाडा त्यांना लागायचाच, आणि मग पावसाळाभर ती दमट हवा. त्या अर्काची ताकद हळूहळू उतरत जायची. ज्येष्ठात अर्ध्या कुपीनं जे काम व्हायचं त्याला श्रावणात पूर्ण कुपी लागायची. बाईंना हे वर्षानुवर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. कॅलेंडर बघून माप वाढवावं, तसं त्या वाढवत. पुस्तकात असं काही लिहिलेलं नव्हतं. पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावची बोट कधी बंद होत नसावी.

त्या वर्षी भाद्रपद संपता संपता नवी पेटी आली. बोट खोल पाण्यात उभी राहते आणि माल पडावातून, म्हणजे लहान होडीतून, मांडवीच्या धक्क्याला येतो. पडाव हेलकावला असेल. पेटीच्या तळाशी खारं पाणी गेलं होतं आणि आतलं गवत भिजलं होतं. बाई त्या दिवशी लांज्याला गेल्या होत्या, दुसऱ्या दिवशी येणार होत्या. मी पेटी उघडली. कुप्या धड होत्या. त्यांना चिकटलेलं ओलं गवत बघून माझ्या अंगावर काटा आला, आणि मी सगळ्या कुप्या कार्बोलिकच्या पाण्यात घातल्या. मग डब्यातल्या जुन्या उरलेल्या पाच कुप्याही घातल्या. त्यांच्यावर पावसाळ्याचा बुरा आला होता. नव्यांवर होत्या त्या कागदी पट्ट्या पाण्यात सुटल्या. जुन्यांच्या केव्हाच गेल्या होत्या. मी एकेक कुपी फडक्यानं पुसली, डब्यात नवा कापूस घातला आणि सगळ्या ओळीनं मांडल्या. इतक्या चकचकीत दिसत होत्या, की मी मोलकरणीला बोलावून दाखवल्या. ती म्हणाली, "देवाला वाहायच्यात काय?"

जुन्या कुठल्या आणि नव्या कुठल्या, हा प्रश्न माझ्या डोक्यात त्या वेळी आलाच नाही. मला वाटलं, मी फार चांगलं काम केलं.

त्यानंतर चार दिवसांनी सकाळी नऊच्या सुमाराला खाडीपलीकडून बोलावणं आलं. एका मुसलमान तांडेलाच्या घरचं. तांडेल स्वतः गलबत घेऊन मलबारकडं गेला होता. त्याचा थोरला भाऊ आला होता. गृहस्थ दारातच उभे राहिले, टोपी नीट केली, म्हणाले, "बाई, भावजय अडलीय. चौथी खेप. पोर रात्रीच खाली आलंय म्हणतात, पण पहाटेपासून कळा गळाल्या."

"पाणी कधी गेलं?"

"ते बायकांना विचारा. मला एवढंच पाठ करून धाडलंय."

बाईंनी पिशवी भरायला सांगितली. मी सुई, पिचकारी, स्पिरिट, कात्री, दोरा, बुरशीच्या अर्काची बाटली, क्लोरोफॉर्म, लाकडी नळी, सगळं घेतलं आणि डब्यातून दोन कुप्या उचलल्या. उचलतानाही काही वाटलं नाही.

भाट्याच्या खाडीवर होडीत बसलो. ऊन चांगलंच चढलं होतं. बाई छत्री उघडून बसल्या. होडी अर्ध्यात असताना त्या सहज म्हणाल्या, "कुप्या जुन्यातल्याच घेतल्यास ना गो? नव्यांची ताकद मी अजून पाहिलेली नाही. जुन्या कळतात मला. त्यातली पूर्ण एक लागेल आज."

डब्यातली ती चकचकीत रांग डोळ्यांपुढं आली. त्या रांगेत पाच जुन्या होत्या आणि बाकी नव्या, आणि मला एकही ओळखता येणार नव्हती.

मी म्हटलं, "हो."

का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. बाई रागावतील एवढीच ती भीती नव्हती. मला पुन्हा घाट चढून जावं लागेल, काकांच्या ओसरीवर ट्रंक ठेवून उभं राहावं लागेल, असं सगळं चित्र त्या एका क्षणात दिसलं आणि तोंडातून 'हो' निघून गेलं. मग मी पाण्याकडं बघत बसले. मनाशी म्हणाले, कदाचित औषध लागणारच नाही. कदाचित पोचेपर्यंत ती बाळंत झालेली असेल. कदाचित उचललेल्या दोन्ही जुन्याच असतील. अशा तीन कदाचितांवर मी पलीकडचा काठ गाठला.

घर नारळीत होतं, जांभ्याचं, स्वच्छ सारवलेलं. आतल्या खोलीत ती बाई भिंतीला टेकून बसली होती. वय सत्तावीस-अठ्ठावीस. घामानं केस कपाळाला चिकटलेले. एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला वस्तीतली म्हातारी सुईण. सुईण बाईंना ओळखत होती. "ये गो डागतरीण," ती म्हणाली. "मी हात टेकले. पोर दारात येऊन बसलंय, नि आईस झोप येतेय." मग माझ्याकडं बघून, "नि ही कोण? मागच्या खेपेला नव्हती."

"ही माझं घड्याळ," बाई म्हणाल्या.

"घाटी घड्याळ दिसतंय. थांबल्यासारखं."

सासूसुद्धा हसली. मी हात धुतले, पोटावर ठेवला आणि मोजायला लागले. कळ आली ती कशीबशी, वीस सेकंदांची, पोट पुरतं घट्टही झालं नाही. मग सात मिनिटं काही नाही. मग पुन्हा तशीच एक. बाईंनी तपासलं. वाट पुरी उघडलेली, डोकं अगदी खाली, सरळ. लाकडी नळी पोटाला लावून मुलाचे ठोके ऐकले, चांगले होते. सगळं त्या नियमांत बसत होतं. बाई माझ्याकडं वळल्या. "कुपी."

सासूनं विचारलं, "बाई, सुईत काय हाय? खोटं सांगू नका. डुकराचं काय नाय ना?"

"नाही. बैलाचं."

"मग टोचा." थोडं थांबून ती म्हणाली, "तुमच्या आळीत हे सांगता काय, बैलाचं म्हणून?"

"तिथं कुणी विचारत नाही," बाई म्हणाल्या, "आणि मी सांगत नाही." म्हातारी सुईण इतकी हसली, की त्या अडलेल्या बाईनंही डोळे उघडले आणि विचारलं, "काय झालं?"

बाईंनी कानशीनं कुपीची मान घासली, टिचकी मारून मोडली, आणि पिचकारीत अर्क ओढून घेतला. सगळा. पिचकारी उभी धरून हवा काढली. मी त्या काचेतल्या पाण्याकडं बघत होते. पाण्यासारखंच पाणी. जुनं असेल तर ही बाई अर्ध्या तासात मोकळी होईल. नवं असेल तर चौथ्या खेपेचं, पातळ झालेलं गर्भाशय आवळेल आणि सुटणार नाही. कोळशाची ती आडवी रेघ. आणि ती माझ्या हाताखाली घडेल, मी मोजत असताना. तिची तीन मुलं ओसरीवर चिंचोके खेळत होती. त्यांच्या भांडणाचा आवाज आत येत होता.

बाईंनी स्पिरिटचा बोळा तिच्या दंडावर फिरवला.

"बाई, थांबा," मी म्हटलं. "ती जुनी आहे की नवी, मला माहीत नाही. मी सगळ्या एकत्र धुतल्या. पट्ट्या निघून गेल्या. मघाशी मी हो म्हणाले ते खोटं होतं."

सुईण माझ्याकडं बघत राहिली. बाईंनी माझ्याकडं बघितलंही नाही. पिचकारी उजेडाकडं धरली, खुणा बघितल्या, आणि दट्ट्या हळूहळू दाबत अर्क कापसाच्या बोळ्यावर सोडत गेल्या. चौथा हिस्सा उरला तेव्हा थांबल्या.

"नवी आहे असं धरून चालू," त्या म्हणाल्या. "क्लोरोफॉर्म हाताशी ठेव. रुमालाची घडी करून ठेव. आणि हात तिथून हलवू नकोस."

टोचलं. मी घड्याळ मांडीवर ठेवलं. एक मिनिट झालं, दोन झाली, तीन. मला वाटलं, जुनीच होती, वाया गेली, आता उरलेलंही बोळ्यावर गेलं. चौथ्या मिनिटाला हाताखाली काहीतरी उठलं.

तशी कळ मी तोवर पाहिली नव्हती. पाडाचा आंबा, कैरी, असलं काही झालंच नाही. एकदम नारळ झाला. ती बाई भिंतीवरून पुढं आली आणि सासूचा हात तिनं असा धरला, की सासूच्या बांगड्या वाजल्या. मी मोजत होते. अर्धं मिनिट. पाऊण. एक. पोट तसंच. "एक मिनिट," मी म्हटलं. बाई नळी लावून कान टेकवून बसल्या होत्या. "दीड." पोट तसंच. सुईण पुटपुटत होती. बाईंनी डोकं न उचलता म्हटलं, "ठोके कमी व्हायला लागले. रुमाल घे." मी डाव्या हातानं रुमाल घेतला. क्लोरोफॉर्मनं आवळलेला स्नायू सैल पडतो, ते मला शिकवलेलं होतं. पण शिकवताना असंही सांगितलं होतं, की तो वेळेवर पडतोच असं नाही. "पावणेदोन," मी म्हटलं. बाटलीचं बूच दातांनी काढलं.

"दोन."

आणि मग, डाव्या कडेला, माझ्या करंगळीखाली, किंचित काहीतरी सैल झालं. मला खात्री नव्हती. मी श्वास धरला. मग अनामिकेखाली. मग तळव्याखाली.

"सुटतंय," मी म्हटलं.

"नक्की?"

"हो. सुटतंय. सुटलं."

बाईंनी नळी दाबून धरली, ओठ हलवत मोजलं, आणि जरा वेळानं म्हणाल्या, "ठोके येतायत वर." मी बूच लावायला गेले तर ते सापडेना. ते माझ्या दातांतच होतं.

उसंत मिळाली सव्वा मिनिट. एरवी एवढीशी उसंत बघून मी घाबरले असते. त्या दिवशी ती मला लांबरुंद वाटली. पुढची कळ सव्वा मिनिटाची. त्यात केस दिसले. तिसऱ्या कळेत मुलगी बाहेर आली, निळसर, मान टाकलेली. बाईंनी तिचं तोंड बोटानं साफ केलं, पाठ चोळली, उलटी धरून टिचक्या मारल्या. ती शिंकली. मग रडली, अगदी नाराजीनं. सुईण म्हणाली, "उशीर करून वर आवाज करतेय बघ." वार पडल्यावर बाईंनी बुरशीचा अर्क पाण्यातून दिला. गर्भाशय आवळून मोसंब्याएवढं घट्ट झालं आणि तसंच राहिलं. आता ते घट्ट राहायलाच हवं होतं. रक्त फार गेलं नाही.

निघताना सासूनं आमच्या होडीत शहाळी ठेवली. सुईण दारापर्यंत आली. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बाईंना म्हणाली, "घड्याळ चालतंय तुझं. पण खोटं बोलतं."

"आज दोन्ही कळलं," बाई म्हणाल्या.

परतीच्या होडीत मी ट्रंकेचा विचार करत होते. कुठली साडी वर घालायची, कुठली खाली, इथपर्यंत. किनारा जवळ आला तेव्हा बाई म्हणाल्या, "कुप्या धुतल्यास, त्याला मी जबाबदार. मीच धुवायला शिकवलं आणि काय धुवू नये ते सांगितलं नाही. पण 'हो' माझं नाही."

"नाही," मी म्हटलं.

"पूर्ण कुपी दिली असती तर काय झालं असतं ते तुझ्या हाताला कळलंय. मी वेगळं सांगत नाही."

"मला परत पाठवणार का?"

बाईंनी छत्री मिटली. "'थांबा' म्हणाली ती कोण होती?"

"मी."

"मग तिला मी इथंच ठेवणार आहे. 'हो' म्हणणारीला तू पाठवून दे."

हे त्या फार गोड बोलल्या असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. पुढचे आठ दिवस त्यांनी मला पिचकारीला हात लावू दिला नाही, आणि मोलकरणीदेखत दोनदा विचारलं, की आज काय काय धुतलं.

डब्यातल्या कुप्या तशाच राहिल्या. टाकून देणं परवडणारं नव्हतं. औषध अडचणीला लागतं आणि अडचण बोटीची वाट बघत नाही. मग बाईंनी ठरवलं, की प्रत्येक कुपी नवीच समजायची. आधी चौथा हिस्सा. मग वीस मिनिटं हात पोटावर. कळ केवढी, उसंत केवढी, हे पाटीवर लिहायचं, आणि त्यावरून पुढचं माप. डब्यात जुन्या असतील त्यांचा असा दोनतीनदा चौथा हिस्सा द्यावा लागला, आणि नव्यांचं एकाच हिश्श्यात भागलं. त्या मिसळलेल्या कुप्या संपल्या तरी ही पद्धत आम्ही सोडली नाही. त्याआधी आम्ही कॅलेंडरावर विश्वासून माप ठरवत होतो. आता जिला औषध द्यायचं तिच्यावरून ठरवायला लागलो. पुढं त्याच गाठीतला, नुसत्या गर्भाशयावर चालणारा भाग वेगळा काढलेलं औषध आलं. बुरशीतलंही नेमकं काम करणारं द्रव्य वेगळं निघालं, असं बाईंनी मासिकात वाचून दाखवलं. औषधं शुद्ध होत गेली, मापं नेमकी होत गेली. चौथ्या हिश्श्यापासून सुरुवात करण्याची सवय मात्र बाईंनी बदलली नाही, आणि मीही नाही.

त्या प्रसंगानंतर महिन्याभरानं, आमच्याच खोलीत, मालगुंडकडची एक बाई होती. तिसरी खेप. कळा रेंगाळत होत्या. तिची आई दर पाच मिनिटांनी दारात येऊन म्हणत होती, "द्या ना हो ती सुई, सगळ्यांना देता." बाईंनी कुपी बाहेर काढून ठेवली होती. पिचकारी उकळून तयार होती. त्या हात पुसत माझ्याजवळ आल्या आणि नेहमीसारख्या कळ किती, उसंत किती असं विचारण्याऐवजी म्हणाल्या, "किती देऊ?"

असं त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. मी पाटीकडं बघितलं. कळ चाळीस सेकंद, तास झाला तरी तेवढीच. उसंत मात्र पाचवरून साडेतीनवर आली होती, म्हणजे कळा आपण होऊन जवळ येत होत्या, आणि प्रत्येक कळेला पोट वरून खाली सरळ घट्ट होत होतं. मी आणखी दोन कळा जाऊ दिल्या. तिची आई दारात येऊन गेली. माझ्या काखेत घाम सुटला होता.

"आज नको," मी म्हटलं. "हिचं हिला जमेल."

बाईंनी क्षणभर माझ्या हाताकडं बघितलं, मग कुपी उचलून कापसात परत ठेवली, आणि दारातल्या आईला म्हणाल्या, "तुम्ही जरा चुलीवर पाणी टाका. चहा घेऊ. वेळ आहे अजून."